ट्राम न आलेली सकाळ

२५ फेब्रुवारी १९४१, मंगळवार. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्या सकाळी ट्राम आली नाही. थांब्यावर थांबलेल्या माणसांना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून काही समजलं नव्हतं. वर्तमानपत्रं जर्मनांच्या मुठीत होती, रेडिओही त्यांचाच. पण रूळ रिकामे दिसले आणि शहराला समजायचं ते समजलं. पहाटे आगारांतून बहुतेक गाड्या निघाल्याच नव्हत्या, ज्या थोड्या निघाल्या त्या लोकांनीच अडवल्या. मग कामावर निघालेली माणसं थांबली. पाण्यापलीकडच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांतले कामगार बाहेर आले, गोदीतलं काम थांबलं, दुकानांतल्या मुली काउंटर सोडून रस्त्यावर आल्या, कचेऱ्यांतले कारकून त्यांच्या मागे आले. दुपारपर्यंत हे लोण जवळच्या गावांत गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हार्लेम, हिल्वरसम, उट्रेख्टपर्यंत. जर्मनांनी जिंकलेल्या युरोपात ज्यूंच्या छळाविरुद्ध झालेला हा पहिला मोठा संप. दोन दिवस तो टिकला.

या पुस्तकाच्या सुरुवातीला ही सकाळ ठेवण्याचं कारण तिचं शौर्य एवढंच नाही. तो संप पुकारला कोणी, ते पाहा. पीट नाक हा महापालिकेचा सफाई कामगार. विलेम क्रान रस्त्यांना दगड बसवणारा. दोघंही कम्युनिस्ट, आणि त्यांच्या पक्षावर बंदी होती. २४ तारखेच्या संध्याकाळी नोर्डरमार्क्ट या बाजारचौकात, उघड्यावर, काहीशे पालिका कामगार जमले आणि तिथे ठरलं. रात्रीतून हाताने फिरवायच्या यंत्रावर पत्रकं निघाली. त्यांच्यापाशी शस्त्र नव्हतं. काम होतं, आणि ते थांबवता येत होतं.

चीड कशाची होती? जर्मन सैन्य १० मे १९४० रोजी नेदरलँड्समध्ये घुसलं. चार दिवसांनी रॉटरडॅमवर बाँब पडले आणि देशाने शरणागती पत्करली. राणी विल्हेल्मिना लंडनला गेली होती. हिटलरने आर्थर सायस-इंक्वार्ट या ऑस्ट्रियन माणसाला कारभारी नेमलं. सुरुवातीचे महिने वरवर शांततेचे गेले. १९४१ च्या फेब्रुवारीत मात्र डच नाझींच्या गणवेशधारी टोळ्या अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू मोहल्ल्यात शिरून माणसांना मारहाण करू लागल्या. मोहल्ल्यातल्या तरुणांनी, त्यांच्या जोडीला आलेल्या बिगरज्यू कामगारांनी, प्रतिकार केला. एका चकमकीत जखमी झालेला एक डच नाझी मेला. त्यानंतर काही दिवसांतच जर्मनीतून पळून आलेल्या दोन ज्यूंच्या आइस्क्रीमच्या दुकानात जर्मन पोलिसांच्या अंगावर अमोनिया उडाला. याचा सूड म्हणून २२ आणि २३ फेब्रुवारीला मोहल्ल्याला वेढा पडला. चारशेहून जास्त तरुण ज्यू पुरुष घरांतून, रस्त्यांवरून, सायकलींवरून ओढून योनास दानिएल मेयर चौकात आणले गेले आणि तिथे त्यांना उकिडवं बसवून ठेवलं. शनिवार-रविवार होता. आजूबाजूच्या बाजारात माणसांची गर्दी होती आणि त्या गर्दीने हे डोळ्यांनी पाहिलं. ते तरुण पुढे बुखेनवाल्ड आणि माउटहाउझेन या छळछावण्यांत पाठवले गेले. त्यांतले जवळजवळ कोणीच परतले नाहीत.

मला वाटतं, संपाचं मूळ त्या पाहण्यात आहे. सफाई कामगाराने स्वतः झाडलेला चौक होता तो.

संप मोडला गेला. एसएसच्या तुकड्या उतरल्या, गोळीबारात नऊ माणसं मेली, अ‍ॅमस्टरडॅम शहराला दीड कोटी गिल्डर दंड झाला, महापौर बदलला गेला. १३ मार्चला हेगजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर १८ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत तीन संपकरी होते. आइस्क्रीमच्या दुकानाचा एक मालक, एर्न्स्ट कान, त्याआधीच मारला गेला होता. विलेम क्रान पुढच्या वर्षी, १९४२ च्या नोव्हेंबरात. पीट नाक छळ सोसून जगला.

इथे थांबता आलं असतं तर ही सोपी वीरगाथा झाली असती. पण गोष्ट पुढे जाते, आणि मराठी वाचकाने ती पुढे वाचावी यासाठीच मी ही प्रस्तावना लिहिते आहे. आपल्याला अ‍ॅमस्टरडॅम माहीत आहे ते ॲन फ्रँकच्या डायरीतून. प्रिन्सनग्राख्ट २६३, पुस्तकांच्या कपाटामागचं दार, खालच्या कचेरीतून भाजी आणि वाचायला पुस्तकं घेऊन येणारी मीप खीस आणि तिचे सहकारी. ती डायरी शाळकरी वयात वाचलेल्या माणसाच्या मनात नकळत एक चित्र तयार होतं: वर लपलेलं कुटुंब, खाली चार चांगली माणसं, बाहेर जर्मन. त्या चित्रात बाकीचं शहर नाही. बाकीचं शहर काय करत होतं?

ते नोकरी करत होतं. १९४० च्या शरद ऋतूत सरकारी नोकरांना एक छापील अर्ज आला: आपण ‘आर्य’ आहात की ज्यू, लिहून द्या. जवळजवळ सगळ्यांनी भरून दिला. त्या अर्जांच्या आधारे ज्यू नोकर काढले गेले. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंनी स्वतःची नोंद करावी असा हुकूम निघाला. देशात अंदाजे १ लाख ४० हजार नोंदी झाल्या, त्यांतल्या सुमारे ८० हजार एकट्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या. याकोब लेंट्स नावाच्या एका कार्यक्षम डच अधिकाऱ्याने असं ओळखपत्र तयार केलं की त्याची नक्कल करणं फार अवघड जावं. स्वतः जर्मनांचं ओळखपत्रही इतकं पक्कं नव्हतं. आणि संपाला तीन महिने होत नाहीत तोच अ‍ॅमस्टरडॅमच्या पालिकेतल्या कारकुनांनी शहराचा एक नकाशा काढला. त्यावर काळे ठिपके होते. एका ठिपक्याचा अर्थ दहा ज्यू.

ज्याने ते ठिपके काढले तो राक्षस नव्हता. त्याचा हात स्वच्छ होता, रेघ सरळ होती, काम वेळेत झालं होतं. पुढच्या पानांतल्या माणसांविषयी मी जे सांगू पाहते ते इथे उलट बाजूने दिसतं. व्यापलेल्या शहरात माणसाची परीक्षा बहुतेक वेळा त्याच्या धंद्यातच झाली. हाती जे काम होतं ते कोणासाठी करायचं, किती मन लावून करायचं, आणि कुठल्या क्षणी ते हातातून पडू द्यायचं, हाच प्रश्न होता.

ट्रामचंच बघू. ३० जून १९४२ पासून ज्यूंना ट्राममध्ये बसायला बंदी झाली. त्यांच्या सायकली जमा करून घेतल्या गेल्या. आणि त्याच जुलैपासून, रात्रीच्या वेळी, अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्राम ज्यूंना घेऊन रेल्वे स्थानकांकडे जाऊ लागल्या. तिथून गाडीने वेस्टरबोर्क छावणी, आणि वेस्टरबोर्कहून पूर्वेकडे ऑशविट्झ किंवा सोबिबोरची मृत्युछावणी. युद्धकाळात सुमारे ४८ हजार माणसांना या शहराच्या ट्रामने असं नेलं. ट्राम कंपनी फेऱ्यांची बिलं पाठवत असे आणि ती चुकती होत. एक ८० गिल्डरचं बिल थकलं होतं, तर युद्ध संपल्यावरही कंपनीने त्याचा पाठपुरावा केला. ज्या आगारांतून २५ फेब्रुवारीला गाड्या निघाल्या नाहीत, त्याच आगारांतल्या या गाड्या. चालकही अनेक तेच असणार. अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या वतीने महापौर फेम्के हाल्सेमा यांनी ज्यूंविषयी शहराने जे केलं त्याबद्दल माफी मागितली, ती २०२५ च्या एप्रिलमध्ये.

ही माफी जिथे मागितली गेली ती जागा प्लांताझे मिडेनलान या रस्त्यावर आहे. या एका रस्त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

तिथे एक थिएटर होतं. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी ते ज्यूंना गोळा करून ठेवण्याचं ठिकाण केलं. खुर्च्या बाजूला सारून जमिनीवर गाद्या टाकल्या. पुढच्या सव्वा वर्षात सुमारे ४६ हजार माणसं त्या अंधाऱ्या सभागृहात काही तास, काही दिवस, काही आठवडे बसून राहिली. लहान मुलांची रडारड पहारेकऱ्यांना नको होती, म्हणून त्यांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवायचं ठरलं. ही सोय जर्मनांनी स्वतःच्या आरामासाठी केली, आणि तिच्यातूनच फट पडली.

पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएटे पिमेंटेल. साठी ओलांडलेल्या, ज्यू, अनेक वर्षं हेच पाळणाघर चालवत आलेल्या. त्यांच्या हाताखाली सोळा-सतरा ते विशीच्या ज्यू मुली दाई म्हणून काम करत. पलीकडे थिएटरमध्ये, जर्मनांच्या हुकमाने बनलेल्या ज्यू परिषदेने व्यवस्थापक म्हणून नेमलेला वॉल्टर झ्यूसकिंड होता. तो जर्मनीतून आलेला ज्यू, त्यामुळे अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत गप्पा मारायचा, त्यांना दारू पाजायचा, आणि त्याच वेळी फेलिक्स हाल्फरस्टाट या सहकाऱ्याबरोबर नोंदीतून मुलांची कार्डं नाहीशी करायचा. कागदावर नसलेलं मूल कोणी मोजत नाही.

पण आधी आईबापांना विचारावं लागे. या कामातली सगळ्यात अवघड वेळ ती होती असं मला वाटतं. उद्या-परवा गाडीत चढायचं आहे, पुढे काय आहे ते नक्की ठाऊक नाही, आणि सतरा वर्षांची एक मुलगी येऊन हळूच विचारते: तुमचं बाळ आमच्याकडे द्याल का? कुठे नेणार ते ती सांगू शकत नाही. अनेकांनी नाही म्हटलं. पोर आपल्याजवळच बरं, असं म्हणणाऱ्या आईला चुकीचं म्हणायची माझी छाती नाही. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यापैकी काहींच्या हाती निघताना दुपट्यात गुंडाळलेली बाहुली दिली जाई, म्हणजे पहारेकऱ्याला आकडा बरोबर दिसावा.

बाळं पाठीवरच्या पिशव्यांतून, टोपल्यांतून, कपड्यांच्या गाठोड्यांतून बाहेर गेली. जरा मोठी मुलं दाईचा हात धरून दारापाशी उभी राहत. रस्त्यावरून ट्राम आली, थिएटर आणि पाळणाघर यांच्यामध्ये उभी राहिली, की पलीकडच्या पहारेकऱ्याची नजर काही क्षण अडे. त्या आडोशाने धावत जायचं आणि पुढच्या थांब्यावर त्याच ट्राममध्ये चढायचं. आतल्या प्रवाशांना खिडकीतून सगळं दिसलेलं असे. धापा टाकणारी पोरगी आणि तिच्याबरोबरचं मूल यांच्याकडे बघून ते गप्प बसत. त्या गप्प बसण्याला मी प्रतिकार म्हणते. ओरडलेला एक प्रवासी पुरेसा झाला असता.

दुसरी वाट मागच्या बाजूने होती. पाळणाघराच्या बागेला लागून एका अध्यापक विद्यालयाची बाग होती. त्याचे प्रमुख योहान फान हुल्स्ट हे प्रॉटेस्टंट, तिशीतले शिक्षक. कुंपणावरून मुलं त्यांच्या हाती दिली जात, वर्गात निजवली जात, आणि मग विद्यार्थी येऊन त्यांना फ्रीसलंड किंवा लिम्बर्गमधल्या शेतकरी घरांकडे घेऊन जात. एकदा परीक्षेसाठी आलेल्या निरीक्षक बाईंनी मुलांचं रडणं ऐकलं, फान हुल्स्टना विचारलं, आणि उत्तर डोळ्यांतच वाचून त्यांचा हात हातात घेतला. त्याही त्याच कामातल्या निघाल्या.

अशी अंदाजे सहाशे मुलं वाचली. १९४३ च्या जुलैमध्ये हेन्रिएटे पिमेंटेल पकडल्या गेल्या आणि ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. २९ सप्टेंबरला पाळणाघर रिकामं केलं गेलं. झ्यूसकिंडची बायको आणि लहान मुलगी ऑशविट्झमध्ये गेली, तो स्वतः १९४५ च्या सुरुवातीला मेला. दुसऱ्यांची मुलं वाचवणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी वाचली नाही. फान हुल्स्ट १०७ वर्षं जगले, २०१८ मध्ये गेले. पाळणाघर रिकामं झालं त्या दिवशी त्यांना तिथून बरोबर नेण्यासाठी मुलं निवडावी लागली होती आणि त्यांनी बारा निवडली. पुढे आयुष्यभर ते बाराविषयी कमी आणि मागे राहिलेल्यांविषयी जास्त बोलत राहिले. त्यांच्या विद्यालयाच्या इमारतीत आणि समोरच्या थिएटरात २०२४ च्या मार्चपासून देशाचं होलोकॉस्ट संग्रहालय उभं आहे.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. ‘ज्यूंना डचांनी वाचवलं’ असं वाक्य आपण सहज लिहून जातो. या पाळणाघराच्या गोष्टीत निम्म्याहून जास्त धोका ज्यूंनी उचलला आहे. त्या दाया ज्यू होत्या, झ्यूसकिंड ज्यू होता, फेब्रुवारीत मोहल्ल्यात काठ्या घेऊन उभी राहिलेली पोरं ज्यू होती. त्यांना बिचारी म्हणून कोपऱ्यात बसवणं हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय आहे.

त्याच वस्तीत, प्राणिसंग्रहालयाला लागून, अ‍ॅमस्टरडॅमची लोकसंख्या नोंदणी कचेरी होती. खोट्या ओळखपत्राची खात्री करायची तर इथल्या कार्डाशी ते ताडून पाहता येई. म्हणजे नकली कागदावर जगणाऱ्या प्रत्येक माणसाचा गळा या कपाटांत अडकलेला होता. २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांच्या वेशात काही माणसं आत शिरली. शिल्पकार खेरित फान डेर फेन, चित्रकार आणि लेखक विलेम आरोंडेउस, आणि त्यांचे साथीदार. गणवेश शिवून देणारा स्युर्ड बाकर हा शिंपी. बरोबरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रखवालदारांना झोपेचं इंजेक्शन दिलं आणि त्यांना उचलून शेजारच्या बागेत ठेवलं, कारण कोणी मरायला नको होतं. मग कपाटं उघडली, कार्डं जमिनीवर ओतली आणि स्फोट केला. अग्निशमन दलाचे जवान मुद्दाम सावकाश आले, आणि आल्यावर आग विझली तरी पाणी मारत राहिले. जे आगीतून वाचलं ते भिजून जावं म्हणून.

आठ लाख कार्डांपैकी सुमारे १५ टक्के नष्ट झाली. थोडी, असं कोणी म्हणेल. पण एका टक्क्यातही आठ हजार माणसं असतात. काही दिवसांतच फितुरीने गट पकडला गेला आणि १ जुलैला बारा जणांना गोळ्या घातल्या. आरोंडेउसने मरणाआधी आपल्या वकील बाईंकरवी निरोप पाठवला होता, की समलिंगी माणसं भित्री नसतात हे जगाला सांगा. तो निरोप कित्येक वर्षं कोणी फारसा सांगितला नाही. गटातली फ्रीडा बेलिनफान्टे ही चेलोवादक आणि संगीत संचालक, पुरुषवेशात राहून पोलिसांना चुकवत राहिली आणि शेवटी स्वित्झर्लंडला पोचली. फान डेर फेनने नकली ओळखपत्रं छापण्याचा अख्खा कारखानाच उभा केला होता, हजारोंच्या संख्येने ती निघत होती. १९४४ मध्ये तुरुंगावर हल्ला करताना त्याला गोळी लागली आणि तो लुळा झाला. १० जूनला त्याला गोळ्या घातल्या तेव्हा उभं राहण्यासाठी सोबत्यांचा आधार घ्यावा लागला. त्याच दिवशी त्याचा मुद्रक फ्रान्स डुवारही मारला गेला.

लपलेल्यांना डच भाषेत ‘ओंडरडाउकर’ म्हणतात, बुडी मारलेला. आपल्याकडे चळवळीतली माणसं भूमिगत व्हायची, ज्याची बरीच जमीन समुद्रसपाटीखाली आहे त्या देशात माणसं पाण्यात बुडी मारायची. शब्द अचूक आहे. डोंगर नाही, जंगल नाही, एका बाजूला जर्मनी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. लपायचं तर दुसऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या पोटमाळ्यावर, त्याच्या रेशनवर. श्वास दुसऱ्याने पुरवायचा. देशात अंदाजे २५ हजार ज्यूंनी अशी बुडी मारली आणि त्यांतले सुमारे १६ हजार जिवंत वर आले. उरलेल्यांपैकी अनेकांचा पत्ता कोणीतरी दिला. १९४३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्यूंना शोधून देणाऱ्या टोळ्यांना माणशी साडेसात गिल्डर बक्षीस मिळत होतं.

आणि श्वास पुरवायला पैसे लागतात. वाल्राफेन फान हाल हा बँकर ते जमवत होता. सरकारी रोख्यांची नक्कल करून मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत नकली ठेवायचे, खरे बाहेर काढायचे आणि वटवायचे, असा उद्योग त्याने बँकेतल्याच माणसांच्या मदतीने केला. त्यातून सुमारे पाच कोटी गिल्डर उभे राहिले. लपलेल्यांना ठेवणारी घरं, मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि पुढे संपावरचे रेल्वे कामगार यांना ते पोचले. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याला हार्लेममध्ये गोळ्या घातल्या. वय ३९.

रेल्वेचा संप १७ सप्टेंबर १९४४ ला झाला. लंडनमधल्या सरकारने हाक दिली आणि सुमारे तीस हजार रेल्वे कामगारांनी काम सोडलं. त्याची शिक्षा म्हणून त्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा तुटला. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, देशात वीस हजारांच्या आसपास माणसं भुकेने मेली. संप धैर्याचा होता यात शंका नाही. पण वेस्टरबोर्कहून ऑशविट्झकडे शेवटची गाडी निघाली ती ३ सप्टेंबरला, म्हणजे त्या संपाच्या दोन आठवडे आधी. त्याआधीच्या दोन वर्षांत एकही गाडी थांबली नव्हती. हे दोन दिनांक मी एकत्र ठेवते आणि त्यांच्यामध्ये काही लिहायला धजत नाही.

नेदरलँड्समधल्या १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाख २ हजार मारले गेले. पश्चिम युरोपातल्या इतर कुठल्याही व्यापलेल्या देशापेक्षा हे प्रमाण मोठं आहे. ज्या शहरात पहिला संप झाला त्याच शहरात हेही झालं. वाचकाने या पुस्तकातल्या कोणत्याही एका माणसाची गोष्ट या आकड्यापासून वेगळी काढून वाचू नये, आणि हा आकडाही त्या माणसांपासून वेगळा काढू नये, एवढीच माझी विनंती आहे.

ज्या चौकात ते तरुण उकिडवे बसवले होते तिथे १९५२ पासून एक ब्राँझचा गोदी कामगार उभा आहे, बाह्या सरसावलेला, हात रिकामे. मारी आंद्रीसेन या शिल्पकाराने तो घडवला. दरवर्षी २५ फेब्रुवारीला लोक फुलं घेऊन त्याच्या पुढून जातात. याच ज्यू मोहल्ल्यातून पूर्वी आठ क्रमांकाची ट्राम जात असे. १९४२ च्या उन्हाळ्यात ती बंद झाली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आज आठ क्रमांकाची ट्राम नाही.